वन्सं आणि बूटमास्तरांची डिस्क

आमच्या वन्संच्या दुकानात यायचं तर आधी अंगावरची धूळ झटकावी लागते, मग पायातलं बाहेर काढावं लागतं आणि मग खरं बोलावं लागतं. पहिल्या दोन गोष्टी लोक निमूट करतात. तिसरीला फार वेळ लागतो.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. वय अठ्ठावन्न, उंची बेताची, चष्मा कायम कपाळावर. बंद पडलेल्या डिस्कमधून लोकांच्या हरवलेल्या फायली काढून देणं हा त्यांचा धंदा. बाहेरच्या खोलीत मी बसते. फोन घेते, चिठ्ठ्या लिहिते, रडणाऱ्यांना पाणी देते. आतल्या खोलीत वन्सं, त्यांची काचेची पेटी आणि दोन कपाटं भरून मेलेल्या डिस्का. डिस्कच्या पोटात चकचकीत तबकड्या असतात आणि त्यांच्यावरून एक बारीक हात वाचत फिरतो. तबकडी आणि हात यांच्यात केस मावेल एवढीही जागा नसते, म्हणून धूळ ही आमची वैरीण. मी तोंडाला पावडर लावायची बंद केली त्याला सात वर्षं झाली. पंखा नाही, लोकरीचं काही नाही, केस मोकळे नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनीसुद्धा मला एवढे नियम लावले नव्हते.

पूर्वी वन्सं इस्पितळात होत्या, कान तपासायच्या खोलीत. बावीस वर्षं लोकांच्या कानांवर हेडफोन चढवून "आवाज आला की बोट वर करा" म्हणत बसायच्या. काही ऐकू न येताच बोट वर करणारी माणसं जगात किती आहेत, हे त्यांना तिथं कळलं. एकदा तपासण्यांच्या नोंदींची डिस्क बंद पडली. दुरुस्तीवाला आला, दोनदा चालू-बंद करून "गेली" म्हणाला. वन्संनी तिला स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाल्या, "फिरतेय की. अडखळतेय नुसती." तो गृहस्थ हसला. त्या हसण्याचा वन्संना इतका राग आला, की भंगारवाल्याकडून पोतंभर डिस्का आणून त्यांनी दीड वर्ष त्यांची चिरफाड केली. साठ जणींचा जीव घेतला, तेव्हा कुठं एकसष्टावी बोलली. पुढं इस्पितळातली ती खोली बंद झाली आणि वन्सं पोतं घेऊन या दोन खोल्यांत आल्या. त्यांचा भाऊ, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "ताईला सोबत हवी." सोबत म्हणून मला पाठवलं. घरात मी फार बोलते, हे त्यामागचं खरं कारण, ते मला नंतर समजलं.

वन्संची एक रीत आहे. डिस्क आली की पहिल्या दिवशी उघडायची नाही. चार-पाच सेकंद चालू करून ऐकायची आणि लगेच बंद करायची. मग आणणाऱ्यापुढं कोरा कागद ठेवायचा: हिला काय काय केलंत ते लिहा. बहुतेक सगळे लिहितात, 'काही केलं नाही, आपोआप बंद पडली.' वन्सं कागद वाचतात, पुन्हा त्याच्यापुढं सरकवतात आणि गप्प बसतात. दोन-तीन मिनिटांत माणूस घाम पुसायला लागतो आणि मग एकेक बाहेर येतं. कुणी ती फ्रीजमध्ये मटारच्या शेजारी ठेवलेली असते, कुणी तांदळाच्या डब्यात पुरलेली असते. गाणं शिकवणाऱ्या एका बाईंनी तर तिला वाफ दिली होती. "घसा बसल्यासारखा आवाज येत होता हो," म्हणाल्या.

तर अशा आमच्या दुकानात एका मंगळवारी सकाळी बूटमास्तर आले. मास्तर सत्तरीचे. वेड्यावाकड्या पायांचे बूट बनवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. एक पाय आखूड असलेली, घोट्यातून वाकलेली, अंगठ्याचं हाड बाहेर आलेली, सगळी माणसं शेवटी त्यांच्याकडेच जातात. त्यांच्या मागून चार पावलं अंतर ठेवून त्यांचे जावई आले. एकुलत्या एक लेकीचा नवरा, नऊ वर्षं सासऱ्यांच्याच घरात राहणारा, म्हणजे घरजावई. दोघे शेजारी बसले, पण मधली खुर्ची रिकामी ठेवून.

मास्तरांनी पिशवीतून डिस्क काढली आणि मी "अगंबाई!" म्हणाले. डिस्कला चामड्याचा कोट होता. तांबूस, मऊ, अंगासरसा बसलेला, कडेनं बारीक टाक्यांची दुहेरी रांग. मला तर वाटलं, असाच एक माझ्या मोबाईलला शिवून मागावा.

"आत काय आहे?" वन्संनी विचारलं.

"एकशे बारा माणसांचे पाय," मास्तर म्हणाले. "यांना विचारा. यांनीच घातले त्यात."

'यांना' म्हणजे जावयांना. मास्तर त्यांच्याकडे बघत नव्हते. मग जावयांनीच सगळं सांगितलं. बूट शिवायचा तर तो आधी एका लाकडी पायावर ताणून चढवावा लागतो. त्या लाकडी पायाला कलबूत म्हणतात. मास्तरांकडे प्रत्येक गिऱ्हाइकाची स्वतंत्र जोडी होती आणि ती नुसती पायाच्या मापाची नव्हती. पहिला बूट घेऊन गेलेला माणूस महिन्यानं यायचा, "इथं टोचतंय" म्हणायचा, की मास्तर त्या जागी लाकडावर चामड्याची चकती चिकटवायचे किंवा रापीनं तासून एक पापुद्रा काढायचे. असं दोन-तीन वर्षं चालायचं तेव्हा तो साचा पुरा व्हायचा. माप पुन्हा घेता येतं, पण ती दुखणी पुन्हा सोसायला लावायची कुणाला?

त्या साच्यांना भुंगा लागला. भोकं पडायला लागली. तेव्हा जावयांनी, ते नकाशे काढायच्या कचेरीत असतात, एक यंत्र आणलं. वस्तू फिरवत ठेवली की सगळ्या बाजूंनी तिचा आकार कॉम्प्युटरमध्ये उतरतो. सव्वा वर्ष रोज संध्याकाळी बसून त्यांनी दोनशे चोवीस साचे उतरवले. "याची दुसरी प्रत ठेवू या," असंही म्हणाले होते. मास्तर म्हणाले होते, "एका पायाला दोन साचे कशाला?" आणि मास्तरांचं काम नेहमीच एक घाव दोन तुकडे. साचे उतरवून झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी लाकडं शेजारच्या बेकरीच्या भट्टीत पाठवून दिली.

"आणि आठ दिवसांपूर्वी यांनी ती डिस्क टेबलावरून पाडली," मास्तर भिंतीला म्हणाले. "दुसऱ्या दिवशी ती उघडेना. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं."

"बोटभर उंचीवरून घसरली," जावई हळूच म्हणाले. "वहीवर पडली."

वन्संनी कोट काढला, स्टेथोस्कोप लावला, ऐकलं आणि बंद केली. चेहऱ्यावर काही नाही. मग कागद आला. जावयांनी लिहिलं, 'माझ्या हातून वहीवर पडली.' मास्तरांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'काहीही केलेले नाही. उलट जिवापाड जपली.'

वन्सं 'जपली' या शब्दावर थांबल्या. "जपली म्हणजे कशी?"

"म्हणजे कशी काय! उघडीवाघडी पडलेली होती. कोट शिवला तिला. दिवसभर चालू असायची, कोट कधी काढला नाही."

वन्संनी फक्त मान हलवली. जाताना मास्तर पुढं गेले आणि जावई माझ्या टेबलाशी रेंगाळले. "ताई, आल्या फायली तर बरं होईल हो. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. बायको मधल्या मधे रडते. मी दुसऱ्या गावी बदली मागून ठेवलीय. फायली नाहीच आल्या, तर महिनाअखेर आम्ही निघू." एवढं बोलून त्यांनी पाण्याचा पेला आपणच विसळून ठेवला. मला तो माणूस तेव्हाच आवडला.

तिसऱ्या दिवशी वन्संनी टोपी, मुखपट्टी, हातमोजे चढवून काचेच्या पेटीत डिस्क उघडली. तबकड्या आरशासारख्या स्वच्छ, एक ओरखडा नाही. पडून मेलेली डिस्क अशी नसते. पण वाचणाऱ्या हाताच्या मुळाशी एक बारीक पट्टी असते, ती उष्णतेनं वाकडी झाली होती. वन्सं बाहेर आल्या, मोजे काढले आणि म्हणाल्या, "कोटानं मारली तिला. श्वासच कोंडला बिचारीचा. दोघांना बोलाव."

"वन्सं, जाऊ द्या ना," मी म्हणाले. "फायली काढा आणि द्या. म्हाताऱ्या माणसाला 'तुमच्या टाक्यांनीच घात केला' म्हणून सांगायची काय गरज? रागावून डिस्क उचलून घेऊन जातील."

"नेऊ देत."

"अहो, पण आपल्याला काय करायचंय त्यांच्या घरातलं?"

"अगं, त्या पोरानं कागदावर खरं लिहिलंय," वन्सं म्हणाल्या. "त्याचा कागद मी खोटा कसा ठरू देऊ?"

मी फोन उचलला. दुपारी दोघे आले. वन्संनी आडपडदा ठेवला नाही. "मास्तर, ही पडून बंद पडलेली नाही. कोटात गरम होऊन बंद पडली."

मास्तरांनी टेबलावरचा कोट उचलला, उलटा केला, टाक्यांवरून अंगठा फिरवला. "टाका चांगला पडलाय," म्हणाले. मग कोट पुन्हा सुलटा केला. "म्हणजे मीच."

"तुम्हीच."

मला वाटलं, आता हे जावयांना काही बोलतील. जावयांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते अर्धवट उठले होते. मास्तरांनी फक्त "निघतील का?" असं वन्संना विचारलं, "प्रयत्न करते" ऐकलं, आणि बाहेर जाऊन बूट चढवून सरळ चालायला लागले. छत्री इथंच राहिली. जावई ती घेऊन मागून पळाले. मी वन्संना म्हणाले, "बघा, खरं सांगून काय मिळवलंत?" वन्सं म्हणाल्या, "चहा टाक."

पुढचे दिवस मात्र काळजीत गेले. डिस्कचा हात बदलायचा तर अगदी त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कचा हात लागतो. कपाटात तशी एकच निघाली. वन्संनी तिचा हात बसवला, तो अर्धा दिवस चालला आणि कुरकुर करून थांबला. तेवढ्यात तबकडीचा जेमतेम चौथा हिस्सा वाचून झाला होता. वन्संनी सगळ्या ओळखीच्या दुकानांत फोन करवले. कुठंच नाही. मग त्या माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्या कॉम्प्युटरकडे बघायला लागल्या.

"नाही," मी म्हणाले.

"त्याच जातीची आहे."

"वन्सं, माझी डिस्क धडधाकट आहे! अख्ख्या दुकानात जिवंत अशी तीच एक!"

"म्हणूनच," वन्सं म्हणाल्या.

माझ्या फायलींची प्रत काढायला एक दुपार गेली. मग माझी चांगली चालती-बोलती डिस्क पेटीत गेली. दोन दिवस मी बोलले नाही. म्हणजे कमी बोलले. पण तो हात चालला, हे सांगायला हवं. नऊ दिवस तो हलक्या पावलांनी तबकडीवरून फिरत होता. जिथं अडेल तिथं थांबायचं नाही, जागा सोडून पुढं जायचं आणि शेवटी सोडलेल्या जागांकडे परत यायचं, असं वन्संचं गणित. दिवसातून दहादा त्या स्टेथोस्कोप लावून बघायच्या आणि मी दाराच्या फटीतून त्यांचा चेहरा बघायची.

दहाव्या दिवशी सकाळी त्या बाहेर आल्या. "निघाले," म्हणाल्या. "पण नावं गेली."

झालं होतं असं, की आकार सगळे आले होते, पण कोणता पाय कुणाचा ही नोंद डिस्कच्या ज्या भागात होती तो भाग वाचताच आला नाही. दोनशे पंचवीस फायली, नुसते क्रमांक. डावा कुठला, त्याचा उजवा कुठला, काही पत्ता नाही. बेवारशी पायांचा ढीग.

मी घाबरतच फोन केला. मास्तर म्हणाले, "नावं कशाला हवीत? पाय दाखवा."

वन्संनी एकच अट घातली: जावई कॉम्प्युटर चालवतील, मास्तर पाय ओळखतील, दोघांनी एकदम यायचं. खरं तर ते यंत्रातलं फिरवाफिरवीचं काम वन्संना डोळे मिटून येतं. मी तसं म्हणणार होते, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड मिटलं.

ते चार दिवस मी जन्मात विसरणार नाही. पडद्यावर राखाडी आकार यायचा, जावई तो फिरवायचे आणि मास्तर पडद्याला नाक लावून बघायचे. "ही टपालवाली बाई. उजवा अर्ध्या बोटानं लांब." "हा पोहायला शिकवणारा, पाय कसला, वल्हं आहे." "हे मुख्याध्यापक. तीनदा बूट परत आणला, तिन्ही वेळा चूक त्यांच्या मोज्यांची." जावई भराभर नाव टाकायचे. दोन जुळ्या बहिणींच्या साच्यांपाशी मात्र गाडी अडली. मास्तरांनी पडद्यावरून अंगठा फिरवला, काही कळेना. "काचेवर काय हाताला लागणार!" म्हणून चिडले. तेव्हा जावई म्हणाले, "थोरलीच्या टाचेवर तुम्ही दोन चकत्या लावल्या होत्या. धाकटीच्या एक. उतरवताना मी मोजल्या होत्या." त्यांनी टाच मोठी करून दाखवली. दोन चकत्या. मास्तरांनी पहिल्यांदा मान वळवून जावयांकडे नीट बघितलं. "एवढं बघत होता?" एवढंच म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी मधली खुर्ची रिकामी नव्हती. कारण मास्तर तिच्यावर बसले होते.

चौथ्या दिवशी दुपारी दोनशे चोविसावा साचा ओळखला गेला. मी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी रुमालानं डोळे पुसले आणि पुसतोय हे लपवलंही नाही.

"एक राहिली," वन्सं म्हणाल्या.

मी यादी बघितली. त्या उरलेल्या फायलीचा क्रमांक एक होता. सगळ्यांत पहिली निघालेली फाईल वन्संनी सगळ्यांत शेवटी ठेवली होती. जावई एकदम गडबडले. "ते काही नाही. ते सोडून द्या."

"उघडा," वन्सं म्हणाल्या.

पडद्यावर पाय आला. आणि या पायाला बोटं होती. साच्याला बोटं नसतात, पुढं नुसता गुळगुळीत चवडा असतो. मास्तर उठून उभे राहिले. "हे लाकूड नव्हे. हा खरा पाय आहे. कुणाचा?"

"माझा," जावई म्हणाले. "यंत्र चालतंय का ते बघायला पहिल्यांदा माझाच पाय ठेवला होता. पुसायचा राहून गेला."

"फिरवा."

जावयांनी फिरवला.

"खालून दाखवा." मास्तर बघत राहिले. गिऱ्हाइकांचे पाय बघताना ते बडबडत होते, आता एकदम बारीक आवाजात बोलायला लागले. "करंगळीला कुरूप आहे. चवडा रुंद आणि बूट घालताय अरुंद. टाच बाहेर झुकते. संध्याकाळी गुडघा दुखत असेल."

"दुखतो."

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

'दिव्याखाली अंधार' माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. माझ्या आयुष्यात मी गिळलेली ती बहुधा पहिलीच म्हण.

"नऊ वर्षं," मास्तर म्हणाले. "नऊ वर्षं तुम्ही माझ्या घरात दुखऱ्या पायानं चालताय. अख्ख्या गावाचे पाय माझ्या मांडीवर येऊन गेले. एकदा बोलायचं नाही?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत," जावई म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता, जे होतं ते सांगितलं.

मग मास्तर टेबलाला धरून खाली बसले, आमच्या झाडून पुसून ठेवलेल्या जमिनीवर, मांडी घालून. गुडघे कडकडा वाजले. त्यांनी मांडीवर थाप मारली.

"जावईबापू, पाय ठेवा इथं."

"अहो, तुमच्या मांडीवर मी पाय कसा..."

"ठेवा म्हणतो ना. मोजा काढा."

जावयांनी मोजा काढला. मास्तरांनी तो पाय दोन्ही हातांत घेतला, अंगठ्यानं चवडा दाबला, टाच तोलून बघितली आणि मान वर करून विचारलं, "कुठं दुखतं, सांगा."

जावयांनी वाकून बोट लावून दाखवलं. "इथं," म्हणाले. "आणि इथं."